दाणापाण्याची भांडी आणि खालची हिरवळ : लातूरच्या एका कॉलनीतल्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गेल्या महिन्यात उदगीरला कावळे मरून पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेतून बर्ड फ्लूचा अहवाल आला आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. लातूर त्या परिघात येत नाही, पण कॉलनीत धास्ती बसायची ती बसलीच. बागेतली दाणापाण्याची भांडी कायमची काढून टाका, असं काहींचं म्हणणं. इतरांचं म्हणणं, उन्हाळा तोंडावर आलाय, पाखरांनी जायचं कुठं?

आज बैठकीत मार्ग निघाला. सगळी भांडी आधी उतरवायची, धुवायची, आणि परत टांगण्याआधी धुण्याची एक पद्धत बसवायची. अटी दोनच : पाखरांना बाधा नको आणि खालची हरळी जळायला नको. काम मी अंगावर घेतलं आहे. सोबत माळीमामा आणि नववीतली दोन मुलं.

दुपारपर्यंत सगळं खाली आलं. पाण्याच्या बाटल्यांचे आणि तेलाच्या डब्यांचे फीडर, मातीचे परळ, सिमेंटची पसरट भांडी, कावळ्यांसाठी ठोकलेली लाकडी फळी. शहाबादी फरशीचा ओटा तेवढा जागेवरच राहिला, तो हलणारा नाही.

बाटलीचा एक फीडर मधोमध कापून पाहिला. वरची बाजरी स्वच्छ, टपोरी. तळाला मात्र बोटभर जाडीचा थर : दाणा, भुसा, विष्ठा आणि दवाचं पाणी एकजीव होऊन बसलेलं, वरून कडक, आतून ओलं. नखाने उकरला तसा आंबूस वास आला आणि हिरवट-काळी बुरशी दिसली. वरून रोज ताजा दाणा पडत असल्यामुळे तळाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाखरू मात्र तळाशी असलेल्या भोकातूनच खातं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज हिरवळीवरचे डाग खाली बसून पाहिले. लांबून सगळे सारखेच पिवळे दिसतात. जवळून पाहिलं की कारणं वेगवेगळी निघतात.

फीडरच्या बरोबर खाली सूर्यफुलाच्या टरफलांची गादी झाली आहे. हा दाणा पोपटांसाठी ठेवला जातो. टरफल सोलून तो गर तेवढा खातो, बाकी सगळं खाली. या टरफलांतून पाझरणारी द्रव्यं इतर रोपांची वाढ रोखतात, आणि थर जाड झाला की उजेड-वाराही अडतो. गादी हाताने उचलली तर खालची हरळी पांढरी पडलेली, पण मुळं जिवंत आहेत. हे गवत वाचेल.

ज्या फांदीवर साळुंक्या आणि पारवे रांगेने बसतात तिच्याखालचे डाग गोल आहेत. मधे जळालेलं, कडेला गडद हिरवं. विष्ठेतलं नत्र एका जागी जास्त झालं की असंच होतं. पाऊस पडला की आपोआप भरून येईल.

खरी चिंता नळाजवळच्या डागाची. तिथे मातीवर पांढरी खपली आहे आणि गवताची मुळंसुद्धा उपटून हातात येतात. माळीमामा म्हणाले, “इथंच धुतेत समदे. उरलेलं पाणी बी हितंच ओततेत, बगा.” कधी ब्लीच, कधी टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), कधी कपड्यांचा सोडा, ज्याच्या हाताला जे लागेल ते.

मुरमाड रानात ओतलेलं खारं पाणी खाली उतरून जातं. आपली काळी माती ते धरून ठेवते. ती मुळात विम्लधर्मी, चुनखडीची. बाटलीतल्या घरगुती ब्लीचमध्ये सोडियम असतं, आणि सोडियम साठलं की काळी माती आणखी आवळते, वाळली की कवच धरते. मग साधं पाणी दिलं तरी ते आत शिरत नाही, वरच्यावर वाहून जातं. तेव्हा भांडं कशाने धुतलं याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न, धुतलेलं पाणी कुठे गेलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

धुण्याची जागा बदलली. बागेच्या मागच्या बाजूला ड्रेनेजच्या चेंबरजवळ जुना सिमेंटचा चौथरा आहे, उतार थेट चेंबरकडे. यापुढे धुणं तिथेच. घरच्या मोरीत किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कुणी ही भांडी धुवायची नाहीत, आणि इथला ब्रश घरात न्यायचा नाही. पाखरांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, तो माणसालाही सोडत नाही.

आजचा क्रम लिहून ठेवतो, कारण उलटसुलट झाला तर कष्ट वाया जातात.

वाळलेली विष्ठा तशीच खरवडू नये, तिची धूळ नाकातोंडात जाते. आधी पाणी शिंपडून थर भिजू दिला. हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल. मग लाकडी पट्टीने थर काढला, तो कागदात गुंडाळून कचऱ्यात. त्यानंतर भांडी घासायच्या साबणाचा थोडा फेस आणि नारळाचा काथ्या. बाटल्यांना लांब दांड्याचा ब्रश. साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून धुतलं. भांड्यात साबण राहिला तर तो पाखराच्या पिसांवरचं तेल काढतो, आणि पिसांचं पाणी न धरणं त्या तेलावरही अवलंबून आहे.

एवढं झाल्यावरच क्लोरीन. घाणीवर ओतलेलं क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. कॉलनीत टाकीसाठी आणलेली टीसीएल पावडर आहे. ती ताजी असेल तर लिटरभर पाण्याला साधारण १५ ग्रॅम पुरते. ढवळून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी घ्यायची. पोतं उघडं राहिलं की आपल्याकडच्या उष्म्यात पावडरीचा जोर उतरतो. डबा उघडल्यावर डोळ्यांना झोंबलं नाही तर ती पावडर या कामाची नाही.

नंतर पुन्हा साधं पाणी, वास पूर्ण जाईपर्यंत. आणि मग ऊन. भांडं हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. बाटलीच्या चुण्यांत, झाकणाच्या आट्यांत, दोरीच्या गाठीत ओल राहते. आज सगळं सुटं करून, पालथं घालून संध्याकाळपर्यंत ठेवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सिमेंटच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे कडे बसले आहेत. हे क्षार म्हणजे नुसतं दिसायला वाईट एवढंच नाही. खडबडीत झालेल्या पृष्ठभागात शेवाळ घट्ट रुतून बसतं, काथ्याने निघत नाही. शेजारच्या काकूंनी चिंचेचा कोळ आणून दिला. पितळेची भांडी ज्याने घासतात तोच. स्टीलच्या थाळीला लावून अर्धा तास ठेवला आणि कडं पापुद्र्यासारखं सुटून आलं.

दोन गोष्टी मुलांना इथेच थांबवून सांगितल्या. चिंच, लिंबू, व्हिनेगर, फरशी धुण्याचं ॲसिड, यातलं काहीही ब्लीच किंवा टीसीएलसोबत एका भांड्यात, एका दिवशी, एका बादलीत येता कामा नये. आंबट आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत भरतो. ज्या रविवारी चिंच त्या रविवारी टीसीएलचा डबा उघडायचाच नाही. दुसरी गोष्ट शहाबादी ओट्याची. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, आंबट त्याला खातं. वर खड्डे पडतात आणि तेच पुढे घाणीचं घर होतं. सिमेंटलाही कोळ फार वेळ लावून ठेवू नये, त्यातही चुना असतो. ओट्याला फक्त गरम पाणी आणि ब्रश.

९ मार्च, रविवार

भांडी परत लावली, पण जुन्या जागी नाही. हिरवळीवरून सगळे फीडर हलवून पायवाटेच्या कडेच्या मुरमाच्या पट्ट्यावर आणले. वरून सांडलेलं खराट्याने गोळा करता येतं, आणि बाजरी उगवली तरी उपटायला सोपी. झुडपापासून अंतर इतकं ठेवलं की चिमणीला धोका दिसताच आत शिरता येईल, पण मांजराला दबा धरून बसता येणार नाही.

लाकडी फळी काढून टाकली. लाकडाच्या भेगांत जे शिरतं ते कोणत्याच ब्रशने निघत नाही. भेगाळलेल्या, ओरखडलेल्या बाटल्याही भंगारात दिल्या.

मातीच्या परळांचं काय करावं यावर माळीमामांशी बराच वेळ बोलणं झालं. माती पाणी शोषते, म्हणजे साबण आणि क्लोरीनही शोषते, आणि नंतर पिण्याच्या पाण्यात थोडं थोडं सोडत राहते. म्हणून परळांना रसायन नाहीच. उकळतं पाणी, काथ्या, आणि दोन दिवस कडक ऊन. त्यासाठी परळांचे दोन जोड लागतात : एक वापरात, एक वाळत. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हीच खरी गोष्ट आहे. मराठवाड्याच्या उन्हाइतकं स्वस्त आणि निर्धोक औषध दुसरं मिळणार नाही, फक्त त्याला काम करायला वेळ द्यायला हवा. एकच जोड असेल तर भांडं ओलंच परत भरलं जातं.

दाण्याचं प्रमाणही ठरवलं. सकाळी घातलेला दाणा संध्याकाळपर्यंत संपेल इतकाच. रात्री उरलेल्या दाण्यावर उंदीर-घुशी येतात.

२० मार्च, गुरुवार

जागतिक चिमणी दिन. २०१० पासून हा दिवस पाळला जातो. शहरात ठिकठिकाणी परळ वाटले जातात, आमच्या कॉलनीतही वाटले. यंदा प्रत्येक परळासोबत काथ्याचा एक गुंडा दिला आणि घेणाऱ्याला सांगितलं : पाणी रोज ओतून टाका, परळ आतून घासा, मगच भरा. नुसतं वरून पाणी घालत राहणं सर्वांत वाईट.

एका आजींनी विचारलं, “रोज घासायला काहून? पाणीच तर हाय.” त्यांना कालचा परळ दाखवला. कडेला बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. डेंग्यूचा डास अशाच भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो. पाणी ओतलं तरी अंडी तिथेच राहतात, म्हणून घासणं. आरोग्य खातं आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगतं तो याचसाठी. आजींनी काथ्याचे दोन गुंडे मागून घेतले.

१२ एप्रिल, शनिवार

नळाला पाणी दिवसाआड नाही, त्याहून उशिरा येतंय. धुण्याला किती पाणी लागतं यावर आज बैठकीत आक्षेप आला, आणि तो रास्त आहे. २०१६ साली याच तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ते दिवस पाहिलेल्या माणसाला बादलीभर पाणी चेंबरमध्ये जाताना बघवत नाही.

म्हणून तीन बादल्यांची रीत बसवली. पहिलीत घासणं, दुसरीत विसळणं, तिसरीत शेवटचं स्वच्छ पाणी. पहिलीचं पाणी चेंबरमध्ये जातं, दुसरी पहिलीच्या जागी येते, तिसरी दुसरीच्या जागी, आणि नवी भरायची ती एकच. परळ उकळत्या पाण्याने धुतले त्या दिवशी रसायन नसतं, तेव्हा शेवटच्या विसळणीचं पाणी कडुनिंबाच्या बुंध्याला. ब्लीचचं उरलेलं पाणी उघड्या बादलीत उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातं, पण क्षार राहतात. म्हणून ते झाडालाही नाही आणि हिरवळीलाही नाही. ते चेंबरमध्येच.

नळाजवळच्या डागातून क्षार खाली उतरवायला भरपूर पाणी सोडावं लागेल. ते आत्ता शक्य नाही. वरचा बोटभर थर खरडून काढला आणि जागा तशीच ठेवली. पावसाची वाट पाहायची.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी शहाबादी ओट्याजवळ एक होला बसलेला. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, मी जवळ गेलो तरी उडाला नाही. दाणा उचलायचा आणि चोचीतून परत पडायचा. चोचीभोवतीची पिसं ओली, चिकट. घसा सारखा हलत होता, गिळायला जड जात असावं.

बाहेरून पाहून रोगाचं नाव सांगता येत नाही. पण कबुतरांच्या कुळात घशाचा एक रोग जुना आहे, ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जीवाने होणारा, आणि लक्षणं हीच. आजारी पाखराची लाळ पाण्यात, दाण्यात पडते, पुढचं पाखरू ते उचलतं. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास हा रोग बागेत येणाऱ्या ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरला. त्यांची संख्या इतकी ढासळली की २०२१ मध्ये तो पक्षी तिथल्या लाल यादीत, म्हणजे सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या यादीत गेला. आपल्याकडे हिवाळाभर दिसणारा एखादा पक्षी काही वर्षांत दिसेनासा व्हावा, तसं.

या जीवाची एक कमजोरी आहे : कोरड्यात तो तगत नाही. ओला दाणा आणि साचलेलं पाणी हाच त्याचा आसरा.

दहाच्या आत सगळे फीडर उतरवले, ओटा उकळत्या पाण्याने धुतला. किमान दोन आठवडे दाणा बंद. मुलं हिरमुसली. त्यातल्या मुलीने विचारलं, “सर, आपण दाणा टाकलाच नसता तर तो आजारी पडला नसता का?” कदाचित पडलाही असता. पण आजारी होला, चांगले होले, पारवे आणि चिमण्या एका हातभर फरशीवर आल्या त्या आपण दाणा टाकतो म्हणून. रानात ही पाखरं इतकी दाटीने एका जागी खात नाहीत. तिला हेच सांगितलं, आणि आता दाणा बंद केल्याने ती उपाशी मरणार नाहीत हेही सांगितलं. रब्बीची ज्वारी निघालेली आहे, खळ्यांत आणि मोंढ्यात सांडलेला दाणा पुष्कळ आहे. ती पांगतील, आणि पांगणंच आत्ता त्यांच्या हिताचं.

पाणी मात्र बंद करता येत नाही, पारा चाळीसच्या वर आहे. परळ चालू ठेवले, पण सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बदलायचे, आणि दर वेळी उन्हात पूर्ण वाळलेलाच परळ भरायचा. दोन जोडांवर हे भागेना, म्हणून कुंभारवाड्यातून तिसरा जोड आणला.

२८ एप्रिल, सोमवार

होला कण्हेरीखाली मेलेला सापडला. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मोजे घालून, चुना टाकून खोल पुरला. मुलांना हात लावू दिला नाही.

११ मे, रविवार

दुसरं आजारी पाखरू दिसलेलं नाही. फीडर पुन्हा लावले, पण कमी आणि एकमेकांपासून लांब. ओट्यावर दाणा टाकणं कायमचं बंद, कारण पसरट जागेवर पाखरं दाण्यातच उभी राहतात आणि विष्ठा तिथेच पडते. आता फक्त लहान भोकांचे फीडर. पारवे त्यांवर बसू शकत नाहीत, त्यांचे थवे यायचे थांबले. त्यावरून दोन घरांची नाराजी आहे. मला मात्र चिमण्या आणि मुनिया निवांत खाताना दिसतात, आणि हा बदल मागे घ्यावा असं वाटत नाही.

धुण्याची वारी : फीडर दर पंधरा दिवसांनी, आजारी पाखरू दिसलं तर त्याच दिवशी. परळ रोज.

२८ मे, बुधवार

यंदा मेमध्येच पावसाने गाठलं. रात्रीत फीडरमधली बाजरी भिजून फुगली, काही दाण्यांना मोड आले. भिजलेला दाणा वाळवून परत वापरायचा नाही, बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही. शेंगदाण्याचं तर विशेष. काळपट, सुरकुतलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं, आणि एका काकांनी प्रेमाने आणलेली पिशवी त्यांना समजावून परत करावी लागली. “आमी खातोव की हेच,” ते म्हणाले. खाऊ नका, असंही सांगितलं.

पावसाळ्यात बाटली अर्ध्याहून कमी भरायची आणि तळाला तापलेल्या तारेने पाणी निथळायची भोकं पाडायची.

२२ जून, रविवार

नळाजवळचा डाग चांगल्या पावसाने धुऊन निघाला आहे. खपली परत आलेली नाही. माळीमामांनी कुदळीने जागा भुसभुशीत केली, थोडं जिप्सम मिसळलं, वर पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत. टरफलांखाली पांढरी पडलेली हरळी मार्चमध्येच हिरवी झाली होती. तिच्याच काशा काढून इथे वीतभर अंतरावर लावल्या. शेतात हीच हरळी काढता काढता माणसाची कंबर मोडते. इथे मामा एकेक काशी हाताने दाबून बसवत होते.

एक अडचण उरली आहे. ढगाळ दिवसांत परळ वाळत नाहीत आणि तीन जोडही अपुरे पडतात. चौथऱ्यावर पत्र्याचं छप्पर आणि खाली लोखंडी जाळीचं मांडण करायचं ठरलं, म्हणजे भांडी पालथी ठेवून वारा खालून लागेल. वेल्डिंगवाल्याला माप दिलं आहे. तोवर फीडर निम्मेच लावायचे, आणि जेवढे नीट वाळतील तेवढेच परळ भरायचे.